फुकेतचं ‘कपल पॅकेज’: दोन पुरुषांना, दोन बायकांना कितपत पुरतं?

दादर, ठाणे, बोरिवली, कुठल्याही ट्रॅव्हल एजंटकडे ‘फुकेत, 4 रात्री 5 दिवस, कपल’ असं मागितलं की जवळपास एकच पॅकेज हातात पडतं. विमानतळावरून ने-आण, पातोंगमधलं तीन किंवा चार तारांकित हॉटेल, नाश्ता, फी फी बेटांची एक फेरी, फांग न्गाच्या खाडीतली एक फेरी, अर्धा दिवस शहरदर्शन, आणि वर हनिमूनची सजावट: पलंगावर फुलं, केक, एक कँडललाइट डिनर. हे सगळं नवरा-बायको डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं आहे. तेच पॅकेज दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी जोडपं म्हणून घेतलं, तर त्यातलं काय जसंच्या तसं मिळतं, काय गळतं, आणि गळू नये म्हणून बुकिंगच्या वेळीच काय लिहून घ्यायचं, ते इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. ठिकाण म्हणून फुकेतला पाचपैकी साडेचार. मुंबईत विकलं जाणारं पॅकेज म्हणून पाचपैकी तीन. मधला दीड गुण इथल्या काउंटरवर आणि तिथल्या शेअर गाडीत जातो. थोडी काळजी घेतली तर त्यातला बराचसा परत मिळवता येतो.

थायलंडमध्ये समलिंगी संबंध 1956 पासून गुन्हा नाहीत. 23 जानेवारी 2025 पासून तिथे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया कायदेशीर लग्न करू शकतात. आग्नेय आशियात हे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून सज्ञान माणसांच्या संमतीचे संबंध बाहेर काढले, पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात लग्नाचा हक्क दिला नाही. प्रवासाच्या व्यवहारात या फरकाचा अर्थ असा होतो: फुकेतच्या रिसेप्शनवर कुणी वळून बघत नाही, पण मुंबईतल्या कागदांवर तुम्ही दोघं एकमेकांचे कुणीच नसता. पॅकेजमधली जवळजवळ प्रत्येक अडचण याच फटीतून आत शिरते.

पलंगाचं प्रकरण

सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते हेच. दोन पुरुषांची नावं दिसली की बुकिंग भरणारा माणूस, बहुतेकदा मनात काही वाईट नसताना, ‘ट्विन’ (दोन सुटे पलंग) टाकतो. एजंट ते होलसेलरकडे पाठवतो, होलसेलर फुकेतच्या लोकल ऑपरेटरकडे, ऑपरेटर हॉटेलकडे. तुम्ही ‘डबल’ सांगितलेलं असलं तरी या चार हातांत कुठेही त्याचं ट्विन होऊ शकतं. हॉटेलात पोचल्यावर दुरुस्ती अवघड असते, कारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये मोठ्या पलंगाच्या खोल्या आधीच लागलेल्या असतात. मग मिळतात दोन पलंग ओढून जोडलेले, मध्ये फट आणि वर दोन वेगळ्या चादरी. हनिमूनची फुलं त्या फटीवर पसरलेली बघणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

उपाय तीन पातळ्यांवर करायचा. पहिला: खोलीचा प्रकार असा निवडा की ज्यात ट्विन मुळात नसतंच. बऱ्याच हॉटेलांत साध्या डीलक्स खोल्या दोन्ही प्रकारच्या असतात, पण पूल ॲक्सेस, सुईट, व्हिला या वरच्या प्रकारांत फक्त किंग बेड असतो. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर प्रत्येक खोलीखाली पलंगाचा प्रकार लिहिलेला असतो. एजंटच्या पीडीएफवर तो क्वचितच असतो. दुसरा: व्हाउचरवर ‘वन किंग बेड, कन्फर्म्ड’ असे शब्द हवेत. ‘ऑन रिक्वेस्ट’ किंवा ‘सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी’ असं लिहिलं असेल तर काहीही कन्फर्म नाही असं समजा. तिसरा: निघायच्या चार-पाच दिवस आधी हॉटेललाच थेट मेल टाका. त्यासाठी हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर लागतो. एजंटचा बुकिंग नंबर हॉटेलच्या सिस्टीममध्ये सापडत नाही. तो नंबर एजंटकडून मागून घ्या, देत नसेल तर खोली अजून पक्की झालेली नाही असा संशय घ्यायला जागा आहे. मेलमध्ये तीनच वाक्यं पुरतात: आम्ही दोघं जोडपं आहोत. आम्हाला एक किंग बेड हवा, जोडलेले ट्विन चालणार नाहीत. सजावट आणि केक असेल तर त्यावर ही दोन नावं घाला. 

ते शेवटचं वाक्य विसरू नका. हनिमूनचा साचा ‘मिस्टर अँड मिसेस’ असा तयार असतो, आणि स्वयंपाकघरातला माणूस साचाच भरतो. नावं कळवली की केकवर नावं येतात. फुकेतची हॉटेलं हे मनापासून करतात.

दुसरी मोठी चूक नावांची. एकाच्या नावावर खोली आणि ‘दोन प्रौढ’ एवढंच लिहिलेलं बुकिंग नवरा-बायकोला चालून जातं. थायलंडच्या बऱ्याच हॉटेलांत मात्र ‘जॉइनर फी’ असते: नोंद नसलेला पाहुणा रात्री खोलीत आला तर त्याचे पैसे. खोली एका पुरुषाच्या नावावर आणि सोबत दुसरा पुरुष, विशेषतः दोघं वेगवेगळ्या वेळी पोचले तर, रिसेप्शनला तो जॉइनर वाटू शकतो. म्हणून व्हाउचरवर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, पूर्ण, हवीत. याचा दुसरा फायदा मुंबईच्या टर्मिनल 2 वर आणि फुकेतच्या इमिग्रेशनला होतो. परतीचं तिकीट आणि हॉटेल दाखवा म्हटलं की दोघांकडेही आपापल्या नावाचा कागद असतो, एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावं लागत नाही. खर्चाचे पैसेही दोघांकडे स्वतंत्र ठेवा. एकाच फॉरेक्स कार्डात सगळं भरलं, तर कार्ड नसलेला जोडीदार काउंटरवर मोकळ्या हाताने उभा राहतो.

शेअर गाडी

पॅकेजमध्ये ‘एसआयसी’ ही तीन अक्षरं शोधा. ‘सीट इन कोच’, म्हणजे शेअर गाडी. फी फीच्या दिवशी ती सकाळी सात-साडेसातला येते, चार-पाच हॉटेलांतून माणसं उचलते, जेटीवर नेते, आणि तिथून तीस-चाळीस जणांच्या स्पीडबोटीत बसवते. भारतातून विकलेल्या पॅकेजांची माणसं बहुधा एकाच गाडीत येतात. परिणामी फुकेतमध्ये एखाद्या जोडप्याला अवघडल्यासारखं होतं ते थाई माणसांमुळे क्वचितच. होतं ते आपल्याच लोकांच्या प्रश्नांमुळे. ‘फॅमिली आणली नाही?’ ‘दोघंच? ऑफिसची ट्रिप?’ विचारणारा सहज विचारतो, पण उत्तर देणाऱ्याला दिवसभर त्याच बोटीत बसायचं असतं. ज्यांना याचं काही वाटत नाही त्यांनी एसआयसी खुशाल घ्यावी, ती स्वस्त आहे. ज्यांना घरी अजून सांगायचं आहे, ज्यांच्या गल्लीतलं कुणी त्या गाडीत भेटू शकतं, त्यांच्यासाठी हा खर्चात कापायचा मुद्दाच नाही.

प्रायव्हेट बोट फार महाग पडते, तिची गरजही नाही. पॅकेजमधून दोन्ही बेटफेऱ्या काढून टाका (एजंट ‘लँड पॅकेज कस्टमाइज’ करून देतो, कुरकुरला तरी), फक्त हॉटेल आणि प्रायव्हेट विमानतळ ट्रान्सफर ठेवा, आणि फेऱ्या तिथल्या ऑपरेटरकडून ऑनलाइन घ्या. त्या बोटींत पंधरा देशांची माणसं असतात आणि कुणाला कुणाचं काही पडलेलं नसतं. पहाटेची फेरी मिळाली तर तीच घ्या, फी फीतला माया बे हा प्रसिद्ध किनारा गर्दीच्या आधी बघता येतो. राष्ट्रीय उद्यानाची फी बहुतेक पॅकेजांत धरलेली नसते. फी फीला परदेशी प्रौढाला माणशी 400 बाट, रोख. माया बेमध्ये पोहता येत नाही. 2018 ला प्रवाळ वाचवण्यासाठी तो बंद केला, 2022 ला नियम घालून उघडला, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा बंद ठेवतात. त्या दोन महिन्यांत पॅकेजवर माया बेचा फोटो असेल तर एजंटला नेमकं काय दाखवणार ते विचारा.

विमानतळ ते पातोंग सुमारे 35 किलोमीटर, तासभर लागतो. प्रायव्हेट ट्रान्सफर नसेल तर शेअर मिनीबस वाटेत एखाद्या बुकिंग ऑफिसपाशी थांबते, तिथे टूर विकायचा प्रयत्न होतो. नको म्हणून गाडीतच बसून राहिलं तरी चालतं. एकाच बॅगेने आलेल्यांना विमानतळ ते रावाई जाणारी स्मार्ट बस 100 बाटांत किनाऱ्याकिनाऱ्याने नेते. ग्रॅब आणि बोल्ट ही ॲप्स चालतात आणि रस्त्यावरच्या टॅक्सीपेक्षा स्वस्त पडतात.

कुठे राहायचं

पॅकेज तुम्हाला पातोंगमध्ये टाकतं. पुरुष जोडप्यासाठी ते वाईट नाही. रात-उथित रस्त्याला लागून पॅराडाइज कॉम्प्लेक्स नावाची गल्ली आहे, फुकेतचे गे बार, कॅबरे आणि काही हॉटेलं तिथे एकवटली आहेत. पातोंगच्या नाइटलाइफचा मुख्य रस्ता बांगला रोड, तिथून चालत दहा-बारा मिनिटं. बांगला रोडचा गोंगाट तिथे नाही. रात्री दहानंतर शो सुरू होतात, बाहेर खुर्च्या टाकून बसायचं, एक पेय घेऊन गल्ली बघायची. पेय घेताना बिलाची चिठ्ठी ग्लासात खोचून ठेवतात, ती हलवू नका, उठताना तीच मोजली जाते. शोमधल्या कलाकाराबरोबर फोटो काढला तर टिप अपेक्षित असते, आधी विचारा.

दोन बायकांसाठी पातोंगची शिफारस आम्ही करणार नाही. पॅराडाइज कॉम्प्लेक्स जवळजवळ पूर्ण पुरुषांचा आहे, बांगला रोड परदेशी पुरुष गिऱ्हाइकांसाठी उभा आहे, आणि लेस्बियन जोडप्यांसाठी वेगळी अशी जागा फुकेतमध्ये फारशी नाही. त्यांच्यासाठी काता किंवा नाई हार्न हे किनारे, नाहीतर जुनं फुकेत शहर किती तरी बरं. जुन्या शहरात चिनी-पोर्तुगीज धाटणीची दुमजली घरं, छोटी गेस्ट हाउस, कॉफीची दुकानं आहेत, आणि दर रविवारी संध्याकाळी थलांग रस्त्यावर बाजार भरतो. समुद्र तिथून लांब, पण संध्याकाळी हात धरून फिरायला पातोंगपेक्षा निवांत. तीन रात्री कातामध्ये, एक रात्र (रविवारची) जुन्या शहरात, अशी वाटणी उत्तम जमते. एजंट दोन हॉटेलांचं पॅकेज करायला नाखूश असतो, कारण त्याला दुप्पट व्हाउचर काढावे लागतात. तरी आग्रह धरा.

हात धरणं कुठेही चालतं. रस्त्यात चुंबन थाई माणसाला आवडत नाही, आणि ते स्त्री-पुरुषांचंही आवडत नाही. वाट चलोंगसारख्या देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही.

समुद्राबद्दल मुंबईकरांना एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मे ते ऑक्टोबरमध्ये पॅकेज जवळपास अर्ध्या भावात मिळतं, आणि ‘पावसाळा तर आपणही बघतोच’ म्हणून लोक घेतात. त्या महिन्यांत वारा नैऋत्येकडून येतो आणि फुकेतचे सगळे प्रसिद्ध किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. पातोंग, कारोन, काता, नाई हार्न इथे किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ओढणारे प्रवाह तयार होतात. लाल झेंडा लावलेला असताना गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग किनाऱ्यावर या. पोहण्यासाठीच जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च. मात्र 24 आणि 31 डिसेंबरला बऱ्याच हॉटेलांत ‘गाला डिनर’ सक्तीचं असतं, त्याचे पैसे पॅकेजच्या वर लागतात. बुकिंगआधी आकडा काढून घ्या. पातोंगला जेट-स्की भाड्याने घेतलीत तर आधी तिची चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, परत देताना जुन्या ओरखड्यांची भरपाई मागण्याचा प्रकार तिथे वर्षानुवर्षं चालू आहे.

स्कूटरचं थोडक्यात: आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट काढा, त्यात दुचाकीचा वर्ग नमूद हवा, आणि दुकानदाराकडे पासपोर्ट गहाण ठेवू नका. परमिट नसताना पडलात तर इन्शुरन्स हात वर करतं.

कागद

थायलंडने भारतीयांना 15 जुलै 2024 पासून 60 दिवसांची व्हिसामाफी दिली. हे नियम तिकडे वारंवार बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर बघाच. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे: पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत साइटवर, फुकट. पैसे मागणारी साइट बनावट समजा. दोघांचे फॉर्म वेगळे भरा, हॉटेलचा पत्ता एकच टाका. पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा.

ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये ‘फॅमिली’ प्लॅन घेऊ नका. त्यात जोडीदार म्हणजे कायदेशीर नवरा किंवा बायको, क्लेमच्या वेळी दुसऱ्याचं संरक्षण उडतं. दोन स्वतंत्र पॉलिसी घ्या, सारख्या रकमेच्या. नॉमिनीच्या रकान्यात जोडीदाराचं नाव टाका. ऑनलाइन फॉर्म आई-बाप-भाऊ-बहीण यांपलीकडे जाऊ देत नसेल तर कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या. दवाखान्याची वेळ आली तर ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ हाच पहिला प्रश्न. त्यासाठी दोघांनी एकमेकांच्या नावे एक पत्र करून ठेवावं: आजारपणात सोबत राहणं, डॉक्टरांशी बोलणं, माहिती घेणं आणि परतीची व्यवस्था करणं यासाठी मी अमक्याला नेमतो किंवा नेमते. इंग्रजीत लिहा, 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करा, फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. परदेशी दवाखान्यावर तो कायद्याने बंधनकारक नसेल, पण तातडीच्या क्षणी काउंटरपलीकडच्या माणसाला काहीतरी हातात हवं असतं, आणि ते तुमच्याकडे असतं.

परदेशी पॅकेजवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ वसूल होणारा आयकर) कापला जातो आणि तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर चढतो. एकाने सगळे भरले तर परतावाही त्यालाच. निम्मे-निम्मे भरा, दोन पावत्या घ्या. दोघांचं जॉइंट खातं उघडायला कुठलाही अडसर नाही, असं अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलं आहे. शाखेत कुणी नाही म्हणालं तर ही तारीख सांगा.

औषधं, त्यात प्रेपच्या (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या) गोळ्याही आल्या, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना थायलंडमध्ये कडक नियम आहेत, चिठ्ठी नसेल तर नेऊ नका. ल्युब्रिकंटची बाटली 100 मिलीपेक्षा मोठी असेल तर चेक-इनच्या बॅगेत. ई-सिगारेट थायलंडमध्ये बंदी असलेली वस्तू आहे, घरीच ठेवा.

एजंटला काय सांगायचं, काय नाही

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. फुकेतचा समुद्र कुणाचं गुपित फोडत नाही, मुंबईतलं ऑफिस अजाणता फोडतं. बुकिंग फॉर्मवर ‘इमर्जन्सी काँटॅक्ट’ म्हणून लोक सवयीने आईचा नंबर देतात. विमान सहा तास लेट झालं की ऑफिसमधून घरी फोन जातो: ‘तुमच्या मुलाचं हनिमून पॅकेज आहे ना, त्याबद्दल…’ तिथे सगळं माहीत असलेल्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा नंबर द्या. व्हाउचर कुरिअरने मागवू नका, मेलवर घ्या. परतल्यावर ‘आमचे हॅपी क्लायंट’ म्हणून फोटो टाकायची एजन्सींना हौस असते, तेव्हा फोटो आणि नावं कुठेही वापरायची नाहीत हे पैसे भरण्याआधी मेलवर कळवा. आणि पहिल्याच फोनवर सरळ सांगा: आम्ही दोन पुरुष आहोत, जोडपं आहोत, एक पलंग हवा. पलीकडचा माणूस चाचरला, ‘फ्रेंड्स पॅकेज करून देऊ का’ म्हणाला आणि सांगूनही बदलला नाही, तर फोन ठेवा. दुसरे बरेच आहेत. बुकिंगआधी चाचरणारा माणूस तिकडे अडचण आल्यावर रात्री दोन वाजता तुमच्यासाठी हॉटेलशी भांडणार नाही.

हल्ली पॅकेजला जोडून ‘बीच वेडिंग’ही विकतात. ते काय आहे ते नीट समजून घ्या. थायलंडमधलं कायदेशीर लग्न जिल्हा कार्यालयातल्या नोंदणीने होतं, आणि परदेशी माणसाला त्यासाठी तो अविवाहित असल्याबद्दल त्याच्या देशाच्या दूतावासाचा कागद, त्याचं थाई भाषांतर आणि थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. पॅकेजमध्ये यातलं काही नसतं. असतो तो वाळूवरचा फुलांचा मांडव, फोटोग्राफर आणि एक सुंदर प्रमाणपत्र. नोंदणी झाली तरी भारतात आज तिला मान्यता नाही. मांडव म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, त्या संध्याकाळचं मोल कागदावर ठरत नाही; पण कागद मिळेल या आशेवर पैसे भरू नका.

बाकीची बेटं

मालदीवच्या जाहिराती सगळ्यात देखण्या, आणि सगळ्यात सावध राहायचं तेही तिथेच. तिथल्या दंडसंहितेत समलिंगी संबंध गुन्हा आहेत, कैद आणि फटक्यांची शिक्षा आहे. खासगी रिसॉर्ट बेटांवर कुणी विचारत नाही, किंग बेड मिळतो. पण रिसॉर्ट आणि लोकवस्तीचं बेट यांत फरक करा: माफुशीसारख्या बेटांवरची स्वस्त गेस्ट हाउस स्थानिक वस्तीत आहेत, तिथे जोडपं म्हणून वावरू नका. दुसरा सापळा सी-प्लेनचा. ते फक्त उजेडात उडतं. मुंबईचं विमान दुपारी उशिरा उतरलं की ती रात्र माले किंवा हुलहुमालेच्या हॉटेलात जाते, म्हणजे रिसॉर्टच्या बाहेर. सकाळी पोचणारं विमान घ्या, नाहीतर स्पीडबोटीने जाता येईल असं रिसॉर्ट निवडा. हनिमूनची सवलत हवी तर बरीच रिसॉर्ट सहा महिने ते वर्षाच्या आतलं लग्नाचं प्रमाणपत्र मागतात. ते आपल्याकडे असू शकत नाही, म्हणून तीच सजावट पैसे देऊन ‘रोमँटिक सेटअप’ म्हणून घ्यावी लागते. दराच्या पुढे ‘प्लस प्लस’ असेल तर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर 17 टक्के कर धरा, 100 डॉलरचे 128.70 होतात. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टला माणशी रोज 12 डॉलर: दोघांचे चार रात्रींचे 96.

मॉरिशस हा फुकेतनंतरचा आमचा दुसरा पसंतीक्रम. 4 ऑक्टोबर 2023 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचं कलम रद्दबातल ठरवलं, आणि भेदभावाविरुद्धच्या 2008 च्या कायद्यात लैंगिक कल आधीपासून आहे. मुंबईहून थेट विमान आहे. जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर वारा फार, तेव्हा पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ल मॉर्नकडे राहा. जानेवारी ते मार्च वादळांचे महिने. रात्रीचं जग मात्र जवळजवळ नाही, रिसॉर्टच्या आतच करमणूक. तिथे मराठी मूळाची वस्ती आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आडनावावरून गप्पा सुरू होतात आणि घरी कोण कोण असतं इथपर्यंत पोचतात, एवढं लक्षात असू द्या.

बालीत सेमिन्याकला गे बारांची एक गल्ली आहे आणि हॉटेलं सरावलेली आहेत. पण इंडोनेशियाची नवी दंडसंहिता 2 जानेवारी 2026 पासून लागू झाली, तिच्यात लग्नाबाहेरचा संबंध गुन्हा आहे आणि तक्रार फक्त नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं करू शकतात. ज्यांच्या घरी विरोध टोकाचा आहे त्यांनी ‘आई-वडील’ हा शब्द पुन्हा वाचावा. श्रीलंकेत कलम 365 आणि 365अ अजून पुस्तकात आहेत. तिथे जाणारे जातात, आम्ही हनिमूनसाठी सुचवणार नाही. सेशेल्सने 2016 मध्ये गुन्हा काढून टाकला, समुद्र अप्रतिम, खर्च मालदीवच्या तोडीचा.

पासपोर्ट नसेल किंवा परदेश नको असेल तर अंदमान. कायदा आपलाच, त्यामुळे भीती नाही, पण पलंगाचं प्रकरण तिथे फुकेतपेक्षा बिकट आहे. लहान हॉटेलात व्हाउचरवरचा ‘डबल’ रिसेप्शनवरचा माणूस स्वतःच्या समजुतीने ट्विन करतो. स्वराज द्वीपला म्हणजे हॅवलॉकला बुकिंगनंतर स्वतः फोन करा, फोन उचलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा आणि जाताना दोघांचीही मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा. जेटीवर तिकिटाबरोबर आणि हॉटेलच्या रजिस्टरवर ती दोघांचीही लागतात.